बॅकग्राउंड वजा करून

पहिल्या प्रॅक्टिकलला टेबलावर काहीच नव्हतं.
ना कोबाल्ट, ना सीझियमची बटणाएवढी चकती.
नुसती नळी, काउंटर, आणि दहा मिनिटं.
तरी टिक. टिक. टिक टिक.
तीनशे अठरा.
डिकुन्हा सर म्हणाले, लिहा.
खोलीत कोणी नसतं तेव्हाही एवढं असतंच,
भिंतीतून येतं, आभाळातून, तुमच्या हाडांतून.
हे आधी मोजायचं,
मग प्रत्येक उत्तरातून वजा करायचं.

मी जर्नलमध्ये रकाना आखला.
शब्द ओळखीचा होता.
ॲडमिशनच्या रांगेत एकीनं विचारलेलं, अगदी गोड आवाजात:
तुझं बॅकग्राउंड काय गं?

मार्चमध्ये आबांच्या गळ्यातली गाठ काढली.
मग आयोडीन एकशे एकतीस,
परळच्या वॉर्डात, शिशाच्या दाराआड,
एक कॅप्सूल आणि पाण्याचा घोट.
तिसऱ्या दिवशी कुणीतरी एक मीटर लांबून
यंत्र धरलं, आकडा बघितला, कागद दिला:
वेगळं अंथरूण. वेगळं ताट. वेगळा कप.
गरोदर बाईपासून लांब.

गोवंडीतल्या आमच्या घरात दोन मीटर
एका जागी सापडत नाहीत.
टेप लावून पाहिली.
पलंगापासून ओटा एक ऐंशी, मध्ये फ्रिज.
वहिनीला सातवा, तिला कळव्याला पाठवलं.
दादा माळ्यावर झोपला.

मी समजावून सांगत होते, तोंडी परीक्षेसारखं:
अंतर दुप्पट, की मात्रा पाव.
आठ दिवसांत अर्धं, सोळा दिवसांत त्याचं अर्धं,
शरीर बाहेर टाकतं ते आणखी निराळं.
आबा ऐकत होते
मागच्या बाकावरच्या पोरासारखे, बोटं मोजत.

मग मी कप पुढे केला.
नवा, स्टीलचा, कडेला लाल टेप,
लॅबमध्ये लावतो तशी, लगेच कळावं म्हणून.
त्यांनी हात पुढे केला नाही.

"गावात सावकाराच्या पडवीला, वळचणीला,
एक कानतुटका कप खोचलेला असायचा.
चहा वरून ओतायचे.
प्यायचा, विसळायचा, परत खोचायचा.
त्याचं किती गं?"

मला समजलं नाही.

"अर्धं व्हायला. किती दिवस धरतेस?"

तक्ते पाठ आहेत मला.
सीझियम तीस वर्षं.
युरेनियमची साडेचारशे कोटी, तेही अर्धं होतं,
निदान कागदावर.
माहुलच्या चिमणीवरची ज्योत खिडकीत हलत होती.
ओट्यापाशी कांदा चिरत आई म्हणाली,
प्या आता, निवतोय.

प्याले.
स्वतःच मोरीत विसळला, दोनदा,
सांगितला होता तस्सा.
आमच्या घराला वळचण नाही.
खिडकीच्या गजात अडकवून ठेवला.

सरांनी रजिस्टरवर सही घेऊन मीटर दिला होता.
रोज संध्याकाळी सातला मी उंबऱ्यात उभी राहायचे,
आबा पलंगावर, हात मांडीवर, फोटोला बसल्यासारखे.
शेजारची तस्नीम विचारायची, आज किती?
आज एवढे. कालच्यापेक्षा कमी.
गल्लीतली पोरंही आकडा पाठ करू लागली,
क्रिकेटचा स्कोअर असावा तसा.

एकविसाव्या दिवशी काटा जिथे थांबला
तिथेच तो गल्लीत थांबत होता,
तस्नीमच्या दारात, रॉकेलच्या दुकानाच्या जुन्या पाटीखाली.
वजा करून शून्य.
मी दोनदा तपासलं, मग आत गेले,
आणि त्यांच्या शेजारी बसले,
खांद्याला खांदा.

टेप सोलली. गोंद मात्र निघेना,
राखेनं घासला तरी.
टाकून देऊ का हा, म्हटलं,
कपाटात सहा आहेत चांगले.

"असू दे," आबा म्हणाले,
"याचा हिशोब लागलाय."