उजव्या हाताला सुट्टी

चैत्र लागला की गोळीबार चौकातलं माझं दुकान
फुटपाथवर सांडतं.
उघडे पत्रे, पंपांची पोटं, मागच्या सालच्या घासाचा कुबट वास,
आणि मधोमध स्टुलावर यामिनी,
वय वर्षं आठ,
उजव्या हातात निळा पायमोजा
मनगटाशी नाडीनं बांधलेला.

कुंभलकर मॅडमनी सांगितलंय, रोज दोन तास.
"चांगला हात लई घाई करते हो दादा,
डाव्याची पाळीच येऊ देत नाही.
उजव्याले सुट्टी द्या."

सुट्टी उजव्याला. ड्यूटीवर डावा.
डावा म्हणजे कोपरात वाकलेला,
अंगठा आत, वर चार बोटं,
जन्माच्या आधीच कुणीतरी काही दिलं होतं
आणि नीट सांभाळ म्हटलं होतं
तसा.

मेडिकलमध्ये फॉर्म भरायचा होता.
बटण लावते का. डबा उघडते का. वेणी. चेंडू.
प्रत्येकापुढे तीन चौकोन:
एकटी, मदतीनं, नाही.
वंदना पेन धरून बसून राहिली.
पोळी तोडते, पण दातानं.
डबा उघडते, मांडीत दाबून.
ह्याला कोणता चौकोन?
आणि हे तर फॉर्मात नव्हतंच,
की कूलर खोलला की स्क्रू कुणाकडे असतात.

माझ्याकडून हरवतात. नालीत जातात, चपलेखाली जातात.
तिच्या डाव्या मुठीतून आजवर एक पडला नाही.
ठेवणं तिला जमतं.
देणं अवघड.

"स्क्रू दे."
आणि मग आपण थांबायचं.
खांद्यातून हुकूम निघतो,
कोपराशी अडतो,
मनगटावर येऊन रस्ता विसरतो.
जीभ ओठाच्या कोपऱ्यात.
एक ऑटो जातो. एक भाजीवाला जातो.
करंगळी सुटते, मग तिच्या शेजारची.
पुढचं मी बघत नाही,
बघितलं की मूठ पुन्हा मिटते.
पंख्याच्या पात्याकडे बघत राहतो
आणि कान वाटीकडे.
टण्.

त्या दिवशी खापर्डे काकू डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन.
"काऊन जी, झाला नाही अजून? घरी भट्टी होऊन राहिली.
अन् पोरीले कायले बसवलं उन्हात, बिचारीले?"
यामी म्हणाली,
"मी कामाले आहो."

मग माझ्याकडे वळून,
"बाबा, तुमच्या उजव्यालेबी द्या न सुट्टी."
दुसरा मोजा होताच. नाडी तिनं दातानं ओढली.
गाठ चांगली पक्की बसली.

चोवीस वर्षं मोटारी बांधतो मी.
केसासारखी तार अंधारात ओवतो.
डाव्या हातानं एक वायसर उचलेना.
दोनदा पडला.
तिसऱ्यांदा पडला तेव्हा शिवी ओठांपर्यंत आली,
कुणासाठी, ते मला कळलं नाही.
काकू बघत होत्या म्हणून बोटं आणखीच लाकडी झाली.

"घाई नका करू," यामी म्हणाली,
अगदी मॅडमच्या आवाजात,
आणि पंख्याकडे बघू लागली.

शेवटी तिनं मुठीत स्क्रू उभा धरला,
मी पान्हा पिळला.
तिचा एक, माझा एक, दोन डावे.
घामानं पान्हा सटकत होता,
स्क्रू तिरपा गेला, तसाच बसला.
कूलर मात्र सुरू झाला, पहिला फवारा आमच्याच तोंडावर.

काकूंनी पाचशेची नोट काढली.
माझ्याकडे आणली, थांबल्या,
मग यामीपुढे धरली,
डावीकडून.
आणि उभ्या राहिल्या, डोक्यावर दुपट्टा वाळत.
एक ऑटो गेला.

नोट मुठीत गेली.
रात्री गल्ला मोजताना पाचशे कमी निघाले.
झोपलेल्या पोरीची मूठ
कोण उघडणार.
वंदना म्हणाली, राहू द्या, सकाळी देईल.