मोजणी

एका मेगावॅटला पाच एकर.
पावकी-निमकी करावी तसं हे पाठ केलंय मी.
पाचशेला पंचवीसशे.
आणि शहाबाजमागच्या या आगरात
बांधापासून तिवरांपर्यंत, ओढूनताणून,
बसतात सत्तेचाळीस.

हसुराम घरत फळी टेकवून उभे राहतात.
"कवरी जागा मांगतं तुमचं ऊन, ताय?"
मी आकडा सांगते.
ते खाडीपलीकडे बघतात, ट्रॉम्बेच्या चिमणीकडे.
लाल-पांढरे पट्टे, पायाशी मूठभर जमीन.
"ती बग. एका पायावर उबी हाय."

खरं आहे. बगळ्यासारखी.
काराव्यात, तिच्या समोरच, आमच्या घरात
जळायची ती रॉकेलची चिमणी,
आणि आई म्हणायची, त्या चिमणीचा उजेड
लांबच्या माणसांसाठी असतो.

पण तिला दुसरा पाय आहे, काका.
तो कुठल्यातरी जंगलाखाली रुतलेला,
खाणीत, दर्यापार.
तिथल्या गावांचीही मोजणी कोणीतरी केली असेल,
कोणीतरी काठी धरली असेल.
आमच्या नकाशाच्या कागदावर ती गावं मावत नाहीत, एवढंच.
ऊन निदान उघड्यावर मागतं.

हे मी मोठ्यानं म्हणत नाही.
मोठ्यानं म्हणते, "काका, काठी जरा सरळ."
ते धरतात. प्रिझममधून एक तिरीप
थेट माझ्या डोळ्यात.

बाबांनीही अशीच धरली होती
सिडकोच्या माणसासाठी, आमच्याच खाचरात.
साहेब उन्हातून आलेत म्हणून ताक दिलं होतं.
साडेबारा टक्क्यांचं पत्र येईस्तोवर
त्या तांब्याला चारदा कल्हई झाली.

"आमी पन ऊनच पिकवताव," हसुराम म्हणतात.
"भरती आत घ्याची, दार लावाचं,
बाकी सगला त्याचा धंदा."
वाकून फळीनं एक ओळ मीठ ओढतात.
करकर आवाज, दाताखाली वाळू आल्यासारखा.
"आनि आमचं ऊन गोनीत भरून ठेवता येतं.
पावसात इका, राती खावा.
तुमचं राती काय करतं?"

बॅटऱ्या, मी म्हणते.
त्यांनाही जागा लागते.
ते हसत नाहीत. मीही नाही.

रात्री नेरूळला, सहाव्या मजल्यावर,
दोन पंखे, फ्रिज, मुलीच्या अभ्यासाचा दिवा.
फक्त आमच्या घरापुरतं काढून बघते.
चौतीस चौरस मीटर.
म्हणजे बांध धरून एक वाफा.
तो कोणाचा, असा रकाना तक्त्यात नाही.

खिडकीतून दिसतो
चिमणीच्या टोकाचा लाल दिवा, उघडझाप करणारा.
वहीचं पान उलटायला
बोट जिभेला लावते.
खारट.