दुधाच्या दातांचा हिशेब

कुस्कोक्विम गोठली की नदीच रस्ता होते.
स्नोमोबाइलच्या मागे घसरगाडी, तिच्यात
घडीची खुर्ची, एक दिवा, आणि तीन तऱ्हेचे उपाय.

शाळेच्या ग्रंथालयात, नकाशाखाली नस्तासिया.
मांडीवर वासिली, तीन वर्षं एक महिना.
त्याने आ केला.
वरचे पुढचे चार मार्चमधल्या बर्फाच्या कडेसारखे,
खालच्या दोन दाढा पोखरलेल्या.
रात्रभर तोंडात बाटली, बाटलीत सरबत.
मी काही बोलले नाही. इथे घरात नळ नाही,
सरबत मात्र विमानाने येतं.

पांढरं भरण, मी म्हणाले, अगदी खऱ्यासारखं.
पण त्याला कोरडा दात लागतो, आणि स्वस्थ मूल.
नाहीतर अँकरेजला नेऊन झोपवायचं;
पाळी येईल शरदात,
साल्मन वाळवून, धुरी देऊन झाल्यावर.

चांदीचं औषध. एक थेंब, एक मिनिट,
ना सुई ना गिरमिट. कीड जागीच थांबते.
दात काळा होतो. पडेपर्यंत काळा.

दाढांना पोलादी टोपी. बसवायची, "चाव" म्हणायचं.
कीड आत कोंडून उपाशी मरते.
टोपी दाढेबरोबरच पडेल, दहाव्या-अकराव्या वर्षी.

तळहात तोंडावर ठेवूनच तिने विचारलं,
"अगाफिया, पुढचे पांढरे नाही होणार?"

तो तळहात मला ठाऊक आहे.
आम्ही एका बाकावर होतो. बारा वर्षांच्या.
बाहेरून दंतवैद्य आला, दोन दिवसांसाठी,
एका सकाळी तिचे सहा काढून गेला.
तेव्हा तुलना करायला दुसरं काही नव्हतंच.
हसतील त्यांचे दात दिसतील, म्हणायची,
आणि हसायची नाही.

पुढचे दात सातव्या वर्षी पडतात.
म्हणजे चार हिवाळे. शाळेतले चार फोटो.
हेही सांगितलं, लपवलं नाही.
ती नकाशाकडे बघत राहिली, बराच वेळ.
तेवढ्यात वासिलीच खुर्चीवर चढला;
त्याला दिवा हवा होता.

दोन टोप्या, चार थेंब.
टोपीला रडला, थेंबाला नाही.
मग आरशात जीभ फिरवून पाहिली,
आईच्या खिशातून सुक्या माशाची पट्टी ओढली
आणि नव्या दाढेने करकचून चावला.

नस्तासिया हसली.
हात कधी खाली गेला, तिचं तिलाच कळलं नाही.
मी खुर्चीची घडी घालत होते,
पाहिलं नाही असं दाखवलं.

दारात म्हणाली, यादीत नाव मात्र राहू दे.
लिहिलं. शाई थंडीने उमटेना,
पेन्सिलीने लिहिलं.