लीस्ट काउंट

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा.
एकतीस वर्षं टूलरूममध्ये काढली मी.
आमच्याकडे सोपं होतं:
गेजची एक बाजू भोकात जायला हवी,
दुसरी जाता कामा नये.
पास. नाहीतर लाल पेटी.

शलाका सात वर्षांची असताना
तिचा एक केस मायक्रोमीटरमध्ये धरला होता.
सहा शतांश भरला.
"याच्याहून बारीक?"
म्हटलं, असतं, पण आपला स्क्रू इथवरच.
ते तिनं मनावर घेतलं.

आता कंपनीच्या जागी लग्नाचा हॉल आहे,
आणि ती दिवसा कॉलेजात प्रॅक्टिकलं घेऊन
रात्री श्रीनगरच्या आमच्या आतल्या खोलीत
जगाचा लीस्ट काउंट शोधते.
दशांशचिन्हापुढे चौतीस शून्यं, मग कुठे आकडा.
तिथं अवकाश सलग आहे की विणलेलं,
कुणी पाहिलेलं नाही.
पाहायचं तर इतका जोर लावावा लागतो, म्हणते,
की ती जागाच स्वतःत कोसळते.

मला पटलं.
पातळ पत्रा जोरात आवळला
की माप आपल्या मनगटाचं येतं, पत्र्याचं नाही.
म्हणून तर रॅचेट असतं: तीनदा कट्, मग हात काढायचा.
तिच्या कामाला रॅचेट नाही.
गेज तर नाहीच.
खालचे तामसे विचारतात, शोध कधी लागणार?
मी सांगतो, काम चालू आहे.

परवा रात्री दोनला दाराखाली उजेड दिसला.
अकरा महिन्यांचं गणित.
चाळिसाव्या पानावर एक उणे चिन्ह सुटलेलं,
पुढचं सगळं लाल पेटीत.
रडत नव्हती. पेनाचं टोपण काढत होती, लावत होती.

मला काय बोलता येणार?
कपाटातून व्हर्नियर आणला,
कागदांचा गठ्ठा जबड्यात धरला,
चष्मा वर करून वाचलं:
"एकोणतीस पॉइंट तीन सहा. मिलिमीटर."

वर न पाहता तिनं विचारलं,
"बाबा, झीरो एरर बघितली?"

नव्हती बघितली.
रिटायर झाल्यापासून एकदाही नाही.
जबडे पूर्ण मिटले, ट्यूबलाइटसमोर धरले.
मधून उजेडाची एक रेघ येत होती.

खुर्ची मागे सारून
ती बघायला आली.