काळा रंग

"गाडी कोनत्या रंगाची?"
"काळी."
पुंडलिक निखाडे हातातला चहा खाली ठेवतो,
जसं मी घरातलं दुखणं सांगितलं.

मग काउंटरवर एकेक बाटली.
हा शाम्पू. हे मेण.
"भांड्याची साबन लावूच नोको, बाप्पा,
चमक धुऊन नेते.
आन् पुसतं कायनं?"
मी सांगत नाही.

तो मला उन्हात नेतो, बॉनेटपाशी वाकवतो.
सूर्याच्या ठिपक्याभोवती
बारीक गोल रेघा, कोळ्यानं विणाव्या तशा.
सात महिन्यांची माझी माया.

वणीत धूळ दोन वाणाची,
खाणीची काळी, चुनाभट्टीची पांढरी.
मला वाटलं होतं काळ्यावर काळी तरी लपेल.
लपत नाही. राखाडी होऊन बसते.

मेण परवडलं नाही. शाम्पू घेतला,
मायक्रोफायबरची दोन फडकी,
आणि घरी येऊन रंजूचं जुनं सुती पातळ
घडी करून परत दिलं.
"काउन? गाडी रुसली?"
"तुह्या पातळानं रेघा पडल्या."

ती काही बोलली नाही.
बॉनेटवर वाकली,
आणि रेघांसकट त्या काळ्यात बघून
टिकली सरळ केली.