डावा दरवाजा

नामक्कलचा सेल्वराज फोनवर इंजिन चालू करायचा,
मी इकडे आर्वीत मंडपाच्या बल्ल्यांवर बसून
कान लावायचो.
त्याची भाषा येत नव्हती,
इंजिनाची थोडी यायची.
म्हटलं, घेतो.

गाडी आली. मागच्या फळीवर तमिळ अक्षरं.
देवाचं नाव असेल म्हणून
पोरांनी पुसली नाहीत.
आणि डावा दरवाजा दोरीनं बांधलेला.
हा काही फोनमध्ये ऐकू आला नव्हता.

पुलगाव झालं, बडनेरा झालं.
मुनाफ मिस्त्री म्हणे, "कायले फिरतं बाप्पा,
हे मॉडेल आता ठाण्यातल्या जप्तीतच भेटते."

शेवटी तळेगावापुढं, विहिरीजवळ,
बाभळीखाली तीच गाडी. चाकं नाहीत,
दरवाजा शाबूत, काचेसकट.
आत सीटवर कोंबडी.

वेणूबाई शेंद्रे म्हणाली,
"ने दरवाजा, पण एकवीस दिवसांनी.
कालच बसली थे.
आता खोलला तं उठन."

मी लग्नाच्या तारखा मोजल्या.
मग वाकून अंडी मोजली. अकरा.

आज सोळावा दिवस.
भांडी, गाद्या, दोन जनरेटर घेऊन निघालोय,
दोरी अजून टिकून आहे.
प्रत्येक वळणावर दादाराव
दरवाजा छातीशी धरतो
आणि विचारतो,
"फुटली का?"