शेपूट घालणारा माणूस

माझा बाप शेपूट घालायचा.
शब्दशः सांगतेय :
बारा हात लांब, आत चिंध्या आणि भाताचा पेंढा,
वरून टायरच्या रबराचे खवले,
कमरेला दोन पट्ट्यांनी आवळलेली.
मुखवट्याच्या गळ्याला एक भोक होतं,
त्यातून त्याला सोलबाहेरच्या शेडमधलं
पुठ्ठ्याचं सोल दिसायचं.

मेंग तोक-सू. श्रेयनामावलीत हे नाव नाही.
तिथे 'राक्षस' लिहिलंय, आणि पुढे कोरी जागा.

संहिता वाचून साहेबांनी विचारलं होतं,
हा प्राणी येतो कुठून?
कारखान्याच्या गटारातून, दिग्दर्शक म्हणाला.
आपल्या कारखान्यांना गटारं नसतात, साहेब म्हणाले.
मग तो समुद्रातून आला, परक्या पाण्यातून,
पण त्याच्या पाठीवरचा जांभळा फेस
मासानच्या बायकांनी लगेच ओळखला.
गिरणीमागे आमची धुणी त्यातच व्हायची.

दुसरी अट : काहीही तुडवा,
ती पांढरी सरकारी इमारत नको.
आणि शेवटच्या दिवशी, उरलेल्या एकुलत्या रिळावर,
बाप नेमका तिच्यावरच बसला.

घसरलो, म्हणाला.
तीन दिवस खोलीत ठेवून विचारलं, तेव्हाही : घसरलो.
कागदावर, अंगठ्यासकट : घसरलो.
परतला तो उजव्या कानाने बहिरा होऊन,
आणि गल्ली म्हणाली,
तोक-सूने शेपूट घातली.

ते अकरा सेकंद कापले.
म्हणजे आमच्या थिएटरात असं दिसायचं :
राक्षस इमारतीसमोर पाय उचलतो,
आणि एकदम पाण्यात. पोहतोय.
मध्ये फक्त एक खट्.

आधी राष्ट्रगीत, सगळे उभे.
मग भाजलेल्या माकुलाचा वास,
आणि संचारबंदीच्या भोंग्याआधी घर गाठायचं म्हणून
थोडा घाईतलाच अंधार.
गिरणीतल्या मुली एकाच आठवड्यात तीन-तीनदा यायच्या.
किंचाळायचं तिथे किंचाळायच्या,
एकमेकींच्या बाहीत तोंड खुपसायच्या,
पण टाळ्या?
टाळ्या त्या खट्‌ला.
दारातला पोलीस वही उघडून उभा असायचा.
काय लिहिणार?
प्राणी पोहला, प्रेक्षक खूश?

मी नऊ वर्षांची.
मला वाटायचं, माझ्या बापाला पोहता येतं
म्हणून वाजवतायत.

मागच्या महिन्यात पत्र आलं :
सेट बांधणारा सुतार वारला,
त्याच्या परसात, किमचीच्या मडक्यांखाली,
पत्र्याचा डबा सापडला. तुकडा जोडलाय. या.
बाजार लवकर आवरून मी बुसानला गेले.
आजूबाजूला सगळी विशीतली पोरं,
राक्षसाचं चित्र छापलेले सदरे घातलेली.

बघितलं.
तो घसरत नाही.
तो थांबतो. मान वाकडी करतो, भोकातून नीट दिसावं म्हणून.
शेजारी कौलारू घरांची एक रांग आहे,
दोऱ्यांवर बोटभर कपडे वाळतायत.
बाप मागे वळून
दोन्ही पंज्यांनी शेपूट उचलतो,
पोटाशी धरतो,
आई मासळीबाजारातल्या चिखलात
झग्याचा घोळ धरायची तशी.
एक दोरीसुद्धा हलत नाही.
मग बसतो.
सावकाश, पाळी संपवून आलेला माणूस
उंबऱ्यावर बसतो तसा.

पोरं हसली. इमारत आतून पोकळ निघाली ना,
आणि एका भिंतीवर संत्र्याच्या खोक्याचा छाप.
मीही हसले.
टाळ्या वाजवायच्या राहूनच गेल्या,
मांडीवर बांगड्यांची पिशवी होती, गळत होती.

म्हातारपणी मी त्याला सारखी उजवीकडून हाक मारायचे.
विसरायचे. मग चिडायचे.

सरकारी कागदात अकरा सेकंद लिहिलेत.
परतीच्या बसमध्ये डोळे मिटून मी पुन्हा मोजले.
चौदा भरतात.
शेपूट धरायला लागले ते तीन
कुणी धरलेच नव्हते.